सहा नंबरचा स्वल्पविराम

आमच्या बँकेत एक अलिखित नियम आहे. व्हाऊचर भलत्या जागी लागलं तर ती चूक. पण तेच ऑडिटरला सापडलं तर तो हेतू! हा नियम साहेबाच्या देशातही चालतो, हे भाच्याने आणून दिलेली 'द प्रिझनर' ही मालिका पाहीपर्यंत मला ठाऊक नव्हते.

१९६७-६८ साली ब्रिटनमध्ये टीव्हीवर तिचे १७ भाग दाखवले गेले. पॅट्रिक मॅकगूहान हा तिचा नायक आणि कर्ताकरविताही. एक गुप्तहेर राजीनामा देतो (इथेच माझा त्याच्यावर जीव जडला!) आणि शुद्धीवर येतो तो एका टुमदार गावात. चित्रीकरण वेल्समधल्या पोर्टमेरियनचं. या गावात माणसांना नावं नाहीत, नुसते नंबर. आपला नायक सहा नंबर. त्याला छळायला दोन नंबर. तोही सारखा बदलणारा, म्हणजे थेट आमचे ब्रँच मॅनेजर. आणि एक नंबर? तो कुणी पाहिलेलाच नाही. हेड ऑफिस!

खरी गंमत पुढेच आहे. भाग चित्रित झाले एका क्रमाने आणि दाखवले गेले दुसऱ्याच. आठव्या भागात सहा नंबर म्हणतो, मी इथे नवीन आहे. सात भाग छळ सोसून नवीन? झालं! भक्तमंडळी भागांची उलटापालट करायला बसली. अर्धशतक उलटलं, ताळेबंद अजून जुळायचा आहे.

सोळाव्या भागात दोन नंबरला दाढी आहे. सतराव्यात त्याला जिवंत करताना ती काढतात. यात कुणाला पुनर्जन्म दिसला तर नवल नाही. पण लिओ मॅकर्न या नटाने दोन चित्रीकरणांच्या मधल्या काळात दुसऱ्या कामासाठी दाढी उतरवली होती. पुनर्जन्म कसला, न्हावी!

शेवटी एक नंबरचा मुखवटा निघतो आणि आत चेहरा सहा नंबरचाच! मग मागचे दाखले निघाले. त्याच्या लंडनच्या घराच्या दारावर आकडा १ आहे. सुरुवातीला तो विचारतो, एक नंबर कोण? उत्तर येतं, तू सहा नंबर आहेस. भक्त म्हणतात, मध्ये स्वल्पविराम घाला: तूच आहेस, सहा नंबर!

मी पोट धरून हसलो. एका स्वल्पविरामावर एवढा डोलारा!

रात्री मात्र झोप लागेना. बँकेत लागल्यावर तीन वर्षांत तीनदा मी राजीनामा लिहिला होता. नाटकात जायचं होतं. साहेबांनी अडवलं म्हणून राहिलो, असं मी बायकोला, मुलाला, भाच्यालाही ऐकवत आलो. साहेबांनी ते कागद पाहिलेही नव्हते. तिन्ही मीच फाडले होते.

मुखवटा काढायची गरजच नव्हती. व्हाऊचर पहिल्यापासून जागेवरच होतं. ऑडिट तेवढं उशिरा झालं.