इंजिन बदललेल्या वाहनातील इंधन टाकीची नळजोडणी आणि वायुवीजन

मोटार वाहनातील मूळ इंजिन काढून त्या जागी वेगळ्या प्रकारचे इंजिन बसविले की बहुधा इंधनाची टाकीही बदलावी लागते. अशा वेळी टाकीतील इंधन इंजिनापर्यंत नेणे, न वापरलेले इंधन टाकीत परत आणणे आणि टाकीत हवा व वाफ यांची ये-जा नियंत्रित करणे यांसाठी जी रचना करतात तिला टाकीची नळजोडणी आणि वायुवीजन म्हणतात. इंधनाच्या नळ्यांकडे बहुतेक वेळा पुरेसे लक्ष दिले जाते. हवेची नळी मात्र किरकोळ समजून शेवटी, उरेल त्या जागेतून नेली जाते. इंजिन बदलल्यानंतर काही किलोमीटर जाऊन गाडी बंद पडणे, टाकी भरताना पेट्रोल उसळून बाहेर येणे, गाडीत पेट्रोलचा वास येणे असे दोष दिसले की संशय नव्या इंजिनावर जातो. त्यांचे मूळ अनेकदा या हवेच्या नळीत असते. पेट्रोलची वाफ ज्वालाग्राही असल्यामुळे हे दोष आगीलाही कारणीभूत होऊ शकतात.

टाकी बदलण्याची कारणे

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या इंजिनावर यांत्रिक पंप असतो. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो आणि साधारण ०.३ ते ०.५ बार इतक्या अल्प दाबाने कार्ब्युरेटरला देतो. त्यामुळे अशा वाहनांच्या टाकीला बहुधा एकच इंधननळी असते. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांना साधारण ३ ते ४ बार दाब लागतो आणि तो देणारा विद्युत पंप सहसा टाकीतच बुडालेला असतो. जुन्या टाकीत या पंपासाठी तोंड नसते, परतीच्या नळीसाठी जागा नसते आणि इंधन हिंदकळू नये म्हणून लागणारे आडपडदेही पुरेसे नसतात.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचे १९६७ ते १९७२ या काळातील पिकअप ट्रक हे याचे परिचित उदाहरण आहे. या ट्रकांची टाकी चालकाच्या केबिनमध्ये, आसनाच्या पाठीमागे असे. १९९७ च्या कॉर्व्हेट मोटारीपासून वापरात आलेली जनरल मोटर्सची एलएस मालिकेतील इंजिने या जुन्या ट्रकांत बसविण्याची पद्धत तेथील हौशी वाहनधारकांत रूढ आहे. या इंजिनांना सुमारे ४ बार, म्हणजे ५८ पीएसआय दाबाने पेट्रोल लागते. त्यामुळे केबिनमधील टाकी काढून मागे, मालाच्या हौद्याखाली चासीच्या दोन तुळयांमध्ये नवी टाकी बसविली जाते. प्रवाशांच्या पाठीशी असलेले पेट्रोल दूर जाते, हा त्यातील दुसरा लाभ. परंतु टाकी उंचावरून खाली आणि पुढून मागे गेल्यामुळे भरणनळी, पुरवठ्याची नळी आणि हवेची नळी या तिन्हींचे मार्ग नव्याने आखावे लागतात.

टाकीची जागा आणि पुरवठ्याची पद्धत यांचा संबंध फार जुना आहे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पंप नव्हता. आसनाखालील टाकीतून पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे जाई. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढावर ते पुढे पोहोचत नसे, म्हणून चालक गाडी उलटी वळवून मागच्या गिअरमध्ये चढ चढत.

इंधनाच्या नळ्या

विद्युत पंप इंधन पुढे ढकलण्यात सक्षम असतो, पण लांबून ओढण्यात दुर्बळ असतो. ओढताना नळीतील दाब कमी होतो, उष्ण हवामानात पेट्रोलचे तेथेच बुडबुडे होतात आणि पंप कोरडा फिरू लागतो. पंपातून वाहणारे इंधनच त्याला थंड ठेवत असल्याने असा पंप लवकर निकामी होतो. म्हणून पंप टाकीत बसविणे श्रेयस्कर ठरते. बाहेर बसवायचा झाल्यास तो टाकीच्या अगदी जवळ आणि तिच्या तळापेक्षा खाली असावा लागतो. पंपाच्या तोंडाभोवती लहान वाटीसारखा कप्पा असल्यास वळणावर किंवा चढावर इंधन एका बाजूला गेले तरी पुरवठा तुटत नाही.

पंप नेहमी गरजेपेक्षा अधिक इंधन देतो. दाबनियंत्रक योग्य दाब राखून उरलेले इंधन परतीच्या नळीने टाकीकडे पाठवितो. ही नळी अरुंद असेल किंवा कोठे चेपली असेल, तर इंजिनाकडील दाब ठरल्यापेक्षा वाढतो व मिश्रण दाट होते. दाबनियंत्रक इंजिनावर असल्यास परतीचे इंधन इंजिनाची उष्णता घेऊन टाकीत येते आणि वाफ वाढवते. हे टाळण्यासाठी तो टाकीजवळ बसवितात. पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमधील, दाबनियंत्रक अंतर्भूत असलेला फिल्टर या कामासाठी लोकप्रिय आहे. त्याला पंपाकडून येणारी, टाकीकडे परतणारी व इंजिनाकडे जाणारी अशी तीन तोंडे असतात. इंजिनापर्यंत मग एकच नळी न्यावी लागते. एलएस इंजिनासाठी पुरवठ्याची नळी सहसा ३/८ इंच आणि परतीची ५/१६ इंच व्यासाची घेतात.

कार्ब्युरेटरसाठीची साधी रबरी नळी इंजेक्शनच्या दाबाला वापरणे धोक्याचे असते. एसएई या संस्थेच्या मानकांनुसार ३०आर७ या वर्गाची नळी कमी दाबासाठी आणि ३०आर९ या वर्गाची नळी इंजेक्शनसाठी असते. टाकीच्या आत, इंधनात बुडून राहणारा तुकडा मात्र ३०आर१० या वर्गाचाच लागतो. इतर नळ्यांची बाहेरची बाजू इंधनात सतत बुडून राहण्यासाठी बनविलेली नसते. ती फुगते, मऊ होते आणि काही काळाने पंपावरून निसटते. चासीवरील लांब अंतरासाठी पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी वापरतात. शुद्ध तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असली, तरी ती कंपनांनी कठीण होऊन तडकते आणि इंधनात चिकट साका धरण्यासही हातभार लावते. धातूच्या नळीच्या टोकाला उठावदार कडे काढल्याशिवाय रबरी नळी दाबाखाली तेथे टिकत नाही. इंजिन हलते आणि चासी स्थिर असते, म्हणून दोहोंमध्ये लवचीक तुकडा आवश्यक असतो.

वायुवीजन

टाकीला हवेची गरज तीन वेगवेगळ्या प्रसंगी लागते आणि त्या गरजांचे प्रमाण अगदी भिन्न असते. ताशी ६० किमी वेगाने जाणारी आणि लिटरला १२ किमी धावणारी गाडी तासाला ५ लिटर पेट्रोल वापरते. म्हणजे तासाभरात टाकीत केवळ ५ लिटर हवा शिरावी लागते. त्यासाठी बारीक छिद्रही पुरते. परंतु ते छिद्रच नसेल तर टाकीत निर्वात वाढत जातो. बाहेरच्या दाबापेक्षा आतील दाब फक्त ०.०५ बारने कमी झाला, तरी ६० सेंमी लांब व ४० सेंमी रुंद अशा पृष्ठावर सुमारे १२० किलोग्रॅम वजनाइतका भार येतो आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपते. त्याआधी पंपाची ओढ कमी पडून इंजिन बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर फटींतून हवा आत शिरते, गाडी पुन्हा सुरू होते आणि दोष सापडत नाही. झाकण उघडताच हवा आत ओढली गेल्याचा ‘सुस्स’ असा दीर्घ आवाज येणे व त्यानंतर इंजिन सुरळीत चालणे, ही या दोषाची खूण होय.

इंजिन बदलताना हा दोष निर्माण होण्याचे एक साधे कारण झाकणात असते. जुन्या गाड्यांच्या झाकणालाच हवेचे छिद्र असे. नंतरच्या गाड्यांची झाकणे बंद असून हवेसाठी वेगळी नळी असते. जुन्या टाकीवर नवे बंद झाकण लावले की हवेचा एकमेव मार्ग बुजतो. याउलट नळीची व्यवस्था असलेल्या टाकीवर छिद्राचे झाकण लावल्यास वाफ आणि वळणावर पेट्रोलही बाहेर येते.

दुसरी गरज तापमानाची आहे. पेट्रोलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०९५ टक्क्याने वाढते. जमिनीखालच्या साठ्यातून थंड पेट्रोल भरलेली ६० लिटरची टाकी उन्हात २० अंशांनी तापली, तर त्यातील पेट्रोल सुमारे १.१ लिटरने फुगते. म्हणूनच टाकीत सुमारे दहा टक्के जागा वाफेसाठी मोकळी राहील अशा उंचीवर भरणनळी जोडतात.

तिसरी गरज टाकी भरतानाची. पंपावरील नळीतून मिनिटाला ३० ते ४० लिटर पेट्रोल येते आणि तितकीच हवा व वाफ त्याच वेळात बाहेर जावी लागते. यासाठी टाकीच्या माथ्यापासून भरणनळीच्या वरच्या भागापर्यंत जाणारी वेगळी रुंद नळी लागते. ती नसल्यास हवा भरणनळीतूनच उलट येते, पेट्रोल उसळते आणि पंपाची आपोआप बंद होणारी तोटी पुन्हा पुन्हा बंद होते. भरणनळी फार आडवी असल्यासही असेच घडते.

नळीच्या मार्गात एक चूक विशेष आढळते. टाकीतून निघालेली हवेची नळी मध्येच खाली झोळासारखी लोंबली, तर हिंदकळलेले किंवा थंड होऊन द्रवरूप झालेले पेट्रोल त्या झोळात साचते. नळी कोठेही चेपलेली नसते, फुंकून पाहिल्यास थोड्या जोराने मोकळीही होते, पण एरवी ती बंदच असते. त्यामुळे ही नळी टाकीपासून सतत चढत नेऊन सर्वांत उंच ठिकाणानंतरच खाली उतरविणे आवश्यक असते. गाडी उतारावर उभी असताना टाकीचा एक कोपरा पेट्रोलखाली जातो. रुंद व सपाट टाकीला म्हणून हवेची तोंडे परस्परविरुद्ध टोकांना दोन ठेवतात. गाडी उलटल्यास पेट्रोल बाहेर पडू नये यासाठी त्या तोंडांवर उलटताच मिटणारी झडप बसवितात.

वाफ साठविणारा कॅनिस्टर

पूर्वी टाकीतील वाफ थेट हवेत सोडली जात असे. कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून मोटारींना ही वाफ रोखणे बंधनकारक झाले. त्यासाठी सक्रियित कोळशाने भरलेला डबा, म्हणजे कॅनिस्टर वापरला जातो. त्याला टाकीकडील, इंजिनाकडील आणि ताज्या हवेची अशी तीन तोंडे असतात. गाडी उभी असताना वाफ कोळशात शोषली जाते. इंजिन चालू झाल्यावर संगणक योग्य वेळी झडप उघडतो, इंजिनाच्या ओढीने ताजी हवा कोळशातून वाहते व वाफ इंजिनात जळते.

इंजिन बदलताना ज्या गाडीतून इंजिन घेतले तिचाच कॅनिस्टर व झडप घेणे सोयीचे असते, कारण संगणकाला त्यांची अपेक्षा असते. त्या नसल्यास दोषदर्शक दिवा लागतो. कॅनिस्टर इंधनाच्या पातळीपेक्षा वर असावा. द्रवरूप पेट्रोल त्यात शिरले तर कोळसा निकामी होतो आणि टाकी भरल्यानंतर लगेच इंजिन सुरू होण्यास त्रास देते. टाकी काठोकाठ भरण्याची सवय याला कारणीभूत असते.

डिझेल इंजिन

पेट्रोलच्या जागी डिझेल इंजिन बसविल्यास वाफेचा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण डिझेलची वाफ सामान्य तापमानाला फारच कमी होते. हवेची नळी मात्र येथेही लागते. इंजेक्टर व पंप यांच्याकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी परतीची नळी अनिवार्य असते. ओढीच्या बाजूच्या सांध्यातून गळती दिसत नाही, तर हवा आत जाते आणि इंजिन सुरू होत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या व टाक्या डिझेलसाठी टाळतात.

सुरक्षितता आणि तपासणी

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असले की मिश्रण पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत ते सहज या मर्यादेत येते. केवळ पाण्याने धुतलेली टाकी वेल्डिंगसाठी सुरक्षित होत नाही. सांध्यांत राहिलेले पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ देते. ही वाफ हवेपेक्षा जड असून गॅरेजच्या जमिनीलगत व खड्ड्यात साचते.

टाकी आणि भरणनळी विद्युतदृष्ट्या चासीला जोडलेली असावी. इंजिन थांबताच किंवा धडकेनंतर पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी केली जाते. गळती तपासताना टाकीत कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणे घातक असते. बंद वायुवीजन प्रणालीची चाचणी साधारण अर्धा पीएसआय इतक्याच दाबाने, धूर सोडून केली जाते. त्यानंतर टाकी पूर्ण भरून गाडी चढावर व उतारावर उभी करून पाहतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

भारतात १९८० च्या दशकात पेट्रोलच्या जीप व अँबॅसडर गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेण्याची पद्धत होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करता येत नाही. वेगळ्या इंधनासाठी कन्व्हर्शन किट बसविण्यास विहित अटींवर मुभा आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले.