कोचीचा माड

साल १६७५. तुम्ही कोचीत एका ओसरीवर उभे आहात. समोर माडाची नुकतीच उतरवलेली पोय पडली आहे. वाकून बघा. दांड्यांवर पिवळट नरफुलांची दाटी, आणि बुडाशी सुपारीएवढी मादीफुलं. चित्रकार मान खाली घालून रेघा ओढतोय. शेजारी इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य. यांना झाड कळतं ते गुणावरून: कशावर चालतं, किती द्यायचं. डच कमांडर व्हॅन ऱ्हीड यांना या साऱ्याचा ग्रंथ करायचाय. १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला ‘हॉर्टस मलबारिकस’चा पहिला खंड निघेल. त्यातलं पहिलंच झाड माड असेल आणि त्याचं नाव नागरीतही छापलेलं असेल.

आता १७५३, स्वीडनमधलं उप्साला. बाहेर कडाक्याची थंडी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या टेबलावर तोच ग्रंथ उघडा आहे. भारत त्याने कधी पाहिलेला नाही. फुलातले पुंकेसर मोजून त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडलेत, पण ताडामाडांची रवानगी मात्र स्वतःच्या पुस्तकाच्या शेवटी, पुरवणीत. तिथे तो माडाचं नाव लिहितो: कोकोस न्युसिफेरा. त्याच्या मते सजीवांच्या जाती देवाने घडवल्या. आपण फक्त ओळखायच्या.

पुढचा मुक्काम १९४२, न्यूयॉर्क. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर जात ठरवताना रूप बाजूला ठेवून विचारतो, या जिवांचा आपसात संकर होतो का, आणि इतरांशी होत नाही ना? ही कसोटी कोकणातल्या बागेत लावून बघा. उंच बाणवली आणि हाताला नारळ लागेल असा ठेंगू माड दिसायला किती वेगळे! पण त्यांच्या संकराचं झाडही नारळांनी लगडतं. म्हणजे जात एकच. मात्र नर-मादीशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंना ही कसोटी लावायची कशी? जीवाश्मांना कशी? म्हणून जीवशास्त्रात जातीच्या वीसहून अधिक व्याख्या नांदतात, आणि भांडतातही.

व्याख्येवर एकमत नसलं तरी नाव अधांतरी ठेवून चालत नाही. ते एका ठरावीक नमुन्याला बांधावं लागतं. १९७९ मध्ये मूर आणि ड्रान्सफील्ड या ताडतज्ज्ञांनी माडासाठी असा नमुना निवडला. तो वाळवलेली झावळी नव्हे की करवंटी नव्हे. जगभरच्या माडांचं शास्त्रीय नाव आज ‘हॉर्टस मलबारिकस’मधल्या त्या माडाच्या चित्रांना बांधलेलं आहे.