डाव, दैव आणि हिशेब

दिवाळीच्या रात्री आमच्या घरी पत्त्यांचा डाव रंगे. मात्र पैशांऐवजी चिंचोके लावावेत, असा आजीचा दंडक होता. चिंचोके संपले की उठायचे, उसने मागायचे नाहीत. त्या दंडकामागचे शहाणपण उमगायला मला सेवानिवृत्तीपर्यंत थांबावे लागले.

पत्त्यांत दैव किती आणि कौशल्य किती, हा वाद आपल्याच शहराने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. निजामी अमदानीतील १३०५ फसलीच्या, म्हणजे इ. स. १८९५-९६ च्या सुमाराच्या जुगार कायद्यात कौशल्याच्या खेळांना सूट होती. सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबमध्ये रमी खेळताना पकडलेल्यांचा खटला याच कायद्याखालचा. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी निर्णय दिला : तीन पानी खेळ निव्वळ दैवाचा, रमीत मात्र पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात, म्हणून ती प्रामुख्याने कौशल्याची. पुढे तेलंगणाने २०१७ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीची ही सवलत काढून घेतली, तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांबाबत हा भेदच अप्रस्तुत ठरविला.

परंतु कौशल्य म्हणजे केवळ स्मरणशक्ती नव्हे. पोकर या पाश्चात्य खेळाचे उदाहरण घेऊ. मध्यभागी ३०० रुपये जमले आहेत. खेळात टिकायचे तर आपण १०० घालायचे. एकाच रंगाची चार पाने जुळली आहेत, पाचवे हवे आहे आणि एकच पान उघडायचे उरले आहे. न दिसलेल्या ४६ पानांत आपल्या उपयोगाची ९. रंग जुळला तर डाव आपलाच, असे धरले तरी ४६ वेळांत ९ वेळा ३०० मिळून २,७०० येतील आणि ३७ वेळा १०० जाऊन ३,७०० गमावले जातील. अर्थात पाने टाकून देणे हेच शहाणपण. पॅस्कल व फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारातून या गणिताचा पाया घातला गेला.

‘आतापर्यंत इतके घातले, आता कसे सोडू?’ हा प्रश्न या हिशेबात कोठेच बसत नाही. तरीही तोच माणसाला बुडवितो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून मी काही समभाग घेतले. भाव कोसळू लागला, तेव्हा आधीचा तोटा भरून काढण्यासाठी आणखी दोनदा पैसे ओतले. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासलेल्या माणसाने स्वतःचा हिशेब मात्र मांडला नाही! पत्नी एवढेच म्हणाली, “चिंचोके संपले होते ना?”

युधिष्ठिराचेही निराळे काय झाले? शकुनीचे कपट तर होतेच. परंतु द्रव्य संपल्यावर त्याने भाऊ पणाला लावले, स्वतःला लावले, द्रौपदीला लावले. एवढे होऊन सुटका झाल्यावरही पुन्हा बोलावणे आले, तेव्हा तो परत गेला.

खेळ कौशल्याचा की दैवाचा, हे न्यायालये ठरवितील. आपण किती गमावू शकतो, हे मात्र डाव मांडण्यापूर्वी घरातच ठरवावे लागते.