वाढ्यावर बैल, डिझेलवर ट्रॅक्टर

दसरा सरला की नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्याच्या वाड्यावस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. खरवंडी कासार, माणिकदौंडी, कोरडगावच्या पट्ट्यातली कुटुंबं पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, कोंबड्या, एखादी शेळी आणि लहान पोरं ट्रॉलीत चढवतात आणि चार-सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या वाटेला लागतात. पूर्वी हाच प्रवास बैलगाडीतून व्हायचा. करंजी घाट ओलांडून नगरकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची आणि मुक्काम करत करत ती गोदावरी-प्रवरेच्या पाटाखालच्या रानात पोचायची.

ऊसतोडीवर बोलताना उचल, मुकादम, कोयता हे शब्द आधी येतात, आणि ते यायलाच हवेत. पण तोडलेला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ओढून नेण्याचाही एक खर्च आहे. तो कोणी सोसला आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, हे पाहिल्याशिवाय पाथर्डीच्या ऊसतोडीचा इतिहास पुरा होत नाही.

१९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं आणि प्रवरेचं पाणी पाटातून फिरू लागलं. हरेगाव, टिळकनगर अशा खासगी कारखान्यांनी उसाचा जम बसवला. लोणीचा प्रवरा सहकारी कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला हंगाम झाला. जिल्ह्याच्या उत्तरेला ऊस आणि धुराडी, तर पूर्वेला बालाघाटाच्या कुशीत पर्जन्यछायेतली कोरडवाहू जमीन, अशी वाटणी झाली. १९७२च्या दुष्काळाने ती आणखी पक्की केली.

कोरडवाहू शेतकऱ्याला बैलजोडी पोसणं सर्वांत जड जातं ते दिवाळीनंतर. कडबा संपत आलेला, रान उघडं. अशा वेळी उसाच्या फडात वाढे मिळत. तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा बैलापुढे टाकायचा आणि त्याच बैलाने तो ऊस ओढायचा. वाहतुकीचं इंधन मालाबरोबरच फडात मिळत होतं, त्यासाठी रोख मोजावी लागत नव्हती. गाडीवानाला तोडणीचे पैसे मिळत आणि वाहतुकीचेही. एका कुटुंबाला दोन्ही कमाया ज्या भांडवलामुळे मिळत, ते भांडवल म्हणजे दावणीचे दोन बैल.

पण ओढही अफाट होती. सव्वातीनशे-चारशे किलोचा बैल दिवसभर टिकेल अशी ओढ साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी देतो, म्हणजे जोडीची ओढ पासष्ट-ऐंशी किलो. लोखंडी धावेची गाडी कच्च्या वाटेवर ओढायची तर टनामागे पन्नास-साठ किलोंची ओढ लागते. गाडीच्या वजनासकट दीड टनाच्या आतबाहेर तिची मर्यादा येते. हवेच्या टायरची गाडी डांबरी सडकेवर टनामागे पंचवीसेक किलोंत चालते. बैल तेच, पण ओझं दुपटीच्या पुढे गेलं. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडी सुधारण्यासाठी देशभर आग्रह धरला, त्याच्या मुळाशी हाच हिशेब होता. साखर कारखान्यांनी टायरगाड्या आणल्या. गाडी कारखान्याची आणि बैल मजुराचे, अशी ही ‘टायर सेंटर’ची पद्धत.

टायरने जी ओढ वाचवली, ती बैलाच्या वाट्याला आली नाही. गाडीवर मोळ्या वाढल्या, खेप जड झाली. फडातून सडकेला लागेपर्यंतचं रान भुसभुशीत असतं आणि तिथे टायरचाही फायदा पुरेसा होत नाही. चाक मातीत रुतलं की जू मानेवर दाबतं, खांदा येतो, आणि खांदा आलेला बैल दुसऱ्या पहाटे पुन्हा जुंपावा लागतो, कारण कारखान्याची तोड थांबत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांत गाडीच्या चाकानुसार वजनाच्या मर्यादा आहेत आणि कडक उन्हात दुपारी १२ ते ३ या वेळेत जुंपायला मनाई आहे. हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला ते नियम कुठे दिसत नाहीत.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत ट्रॅक्टरने हे ओझं मोठ्या प्रमाणावर उचललं. दोन ट्रॉल्यांत वीस टनांच्या आसपास ऊस, ट्रॉल्यांचं वजन धरून पंचवीस टन. डांबरी रस्त्यावर एवढं ओढायला चारशे-पाचशे किलोंची ओढ लागते. एक लिटर डिझेलमधली उष्णता सुमारे दहा युनिट विजेएवढी, पण तिचा जेमतेम चौथा हिस्सा ट्रॉलीपर्यंत पोचतो. हिशेब केला तर भरल्या खेपेला लिटरमागे दोनेक किलोमीटर येतात.  वीस-पंचवीसच्या वेगाने चालणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला वाऱ्याचा त्रास नगण्य. त्याचं डिझेल वजन, चढ, कमी हवेचे टायर आणि फडातली माती खाते.

मऊ रानात तीच ओढ पाचपट होऊ शकते. म्हणून चालक एकेक ट्रॉली बाहेर काढतो आणि सडकेवर दोन्ही जोडतो. तरीही पुढची चाकं उचलली तर दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावावं लागतं. म्हणजे दोन इंजिनं घरघरत असतात आणि पुढे सरकतं शंभर पावलं.

वाहतूकदार लिटरमागचे किलोमीटर मोजत नाही, टनामागचं डिझेल मोजतो. परतीची रिकामी खेप एका ट्रॉलीलाही करावी लागते आणि दोनलाही, म्हणून दोन. मग दोन्हींवर जितका बसेल तितका ऊस. यात तर्क चुकीचा नाही, पण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रलवर सोडण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे, आणि तिच्यातून मिळतही काही नाही: गिअरमध्ये उतरताना पंप डिझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं.

कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत कित्येक तास जातात. ऊस वाळतो, काट्यावर वजन घटतं, आणि पैसे तर काट्यावरच्या वजनाचे. कारखान्यांमध्ये २५ किलोमीटरचं हवाई अंतर ठेवण्याचा नियम राज्यात आहे, तरी लांबचा, कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस (गेटकेन) येतोच. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून कापला जातो. वर्षानुवर्षं तो सरासरीने कापला गेल्यामुळे लांबच्या उसाचं डिझेल जवळच्या शेतकऱ्यानेही भरलं.

बैल गेल्यावर पाथर्डीच्या बहुसंख्य कुटुंबांकडे उरली ती फक्त तोडणी. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं आणि टनावर पैसे घ्यायचे, अशी ही ‘डोकी सेंटर’ची पद्धत. वाहतुकीचे पैसे ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. पाथर्डीचेच बबनराव ढाकणे आणि पुढे गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड कामगारांना संघटित केलं, दरासाठी संप झाले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही वाढ हक्काची होती. पण बैलांबरोबर गेलेली दुसरी कमाई तिने भरून निघत नाही.

वाढे अजून आहेत. डोकी सेंटरवरच्या बायका तोडणी उरकून त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि दूधवाल्या शेतकऱ्यांना विकतात. आठवड्याचा बाजार त्यावर होतो. आता फडात हार्वेस्टर उतरतोय. तो शेंडा छाटून रानातच उडवतो आणि उसाचे तुकडे थेट शेजारच्या ट्रॉलीत पाडतो. त्याला कोयता लागत नाही, पण ट्रॅक्टर आणि चालक लागतातच. म्हणून पाथर्डीची काही तरुण पोरं कोयता सोडून स्टिअरिंगकडे वळली आहेत. ती पगारावर असतात, आणि रोज संध्याकाळी मालक टाकीत काठी घालून डिझेल मोजतो.