एका टिंबाचे दोन अर्थ



आपल्या केज तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्यांची मजुरी टनावर ठरते. त्यामुळे चळवळीत पडल्यावर आम्ही पहिला धडा शिकलो तो हा, की वजन कमी भरले तर कोयत्याला दोष देण्याआधी काटा तपासावा. आजचा विषय जुन्या संगणकी संगीताचा आहे. तो तुम्हांला दूरचा वाटेल. पण त्याच्या इतिहासातून निघणारा धडा हाच आहे.

आरंभ घरापासून करू. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंडे यांनी आणि कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आपले संगीत कागदावर उतरवण्यासाठी दोन निरनिराळ्या स्वरलिपी रूढ केल्या. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते. आता एका पद्धतीचे पुस्तक दुसऱ्या पद्धतीने वाचले तर काय होईल? छपाईत एकही चूक नसताना खर्जातला स्वर आकाशात जाईल, आणि ऐकणारा म्हणेल, बंदिशच वाईट आहे. बिचाऱ्या बंदिशीचा यात काय अपराध?

नेमके हेच ट्रॅकर संगीताचे झाले. १९८५ साली कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक निघाला. त्यातल्या पॉला नावाच्या चिपमध्ये एका वेळी चार आवाज वाजवण्याची सोय होती. १९८७ साली कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अल्टिमेट साउंडट्रॅकर हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्यात चार आवाजांचे चार रकाने आणि खाली ६४ ओळी असा एक पट असे. कोणत्या ओळीवर कोणता सूर, कोणत्या वाद्याचा, ते त्या घरात लिहायचे. वाद्यांच्या आवाजांचे छोटे नमुनेही त्याच फाइलीत बांधलेले. स्वरलिपी आणि वाद्ये एकाच गाठोड्यात! मूळ कार्यक्रम फारसा खपला नाही. पण इतरांनी तो उकलून वाढवला. स्वीडनमध्ये नॉइजट्रॅकर निघाला, पुढे प्रोट्रॅकर आला. हजारो मुलांनी घरी बसून, बहुधा विनामोबदला, चाली रचल्या. त्या फाइलींना मॉड म्हणतात.

आज त्या फाइली नव्या संगणकावर लावल्या की पुष्कळदा बिघडलेल्या वाटतात. आमच्या परिचयाच्या एका तरुणाने अशी एक चाल आम्हांला ऐकवली. ती मध्येच भलतीच धावू लागली. “जुनी फाइल, सडली असेल,” तो म्हणाला. आम्ही म्हटले, आधी काटा पाहू.

पहिला काटा घड्याळाचा. जुना ट्रॅकर आपले ठोके पडद्याच्या चित्रावरून घेई. युरोपात पडदा सेकंदाला ५० वेळा उजळे, अमेरिकेत ६० वेळा. एका ओळीला नेहमीचे ६ ठोके धरले तर ६४ ओळींचे ३८४ ठोके होतात. युरोपात त्यांना ७.६८ सेकंद लागत, अमेरिकेत ६.४. ग्रामोफोनची तबकडी जलद फिरली की लयीबरोबर पट्टीही चढते; येथे पट्टी जवळजवळ जागेवर राहून फक्त लय पळते. म्हणून पट्टी ठीक आणि लय चुकलेली असेल, तर आधी घड्याळाचा संशय घ्यावा.

दुसरा काटा खुणेच्या अर्थाचा, आणि हीच आमच्या टिंबाची गोष्ट. लय बदलण्यासाठी एफ या अक्षरापुढे आकडा लिहीत. आरंभी तो आकडा म्हणजे एका ओळीचे ठोके. पुढे असे ठरले, की ३२ पेक्षा लहान आकडा म्हणजे ठोके, आणि ३२ पासून वरचा म्हणजे मिनिटाची मात्रासंख्या. समजा जुन्या चालीत ४८ लिहिले आहे. जुन्या अर्थाने ती ओळ जवळजवळ एक सेकंद थांबते. नव्या अर्थाने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात उरकते, आणि पुढची सारी लय बदलते. त्या तरुणाच्या चालीचे दुखणे हेच निघाले. जुनी वाचनपद्धती निवडताच चाल सरळ चालू लागली.

तिसरा काटा ओळखपत्राचा. आरंभीच्या फाइलीत १५ वाद्यांची जागा होती. पुढे ३१ झाली आणि एम. के. अशी खूण घालण्याची रीत पडली. काही नवी सॉफ्टवेअरे ही खूण सापडली नाही की फाइलच खोटी ठरवतात. ओळखपत्र निघण्याआधी जन्मलेल्याकडे ओळखपत्र मागावे, तसाच हा न्याय!

चौथी गोष्ट कानाची. अमिगावर दोन आवाज पूर्ण डावीकडे आणि दोन पूर्ण उजवीकडे जात. खोलीत ते मिसळत; कानाला लावलेल्या हेडफोनात तुटक वाटतात. दोन्ही बाजू थोड्या मिसळल्या की त्रास कमी होतो.

मात्र एक पथ्य आहे. कंटाळून मूळ फाइल “दुरुस्त” करू नये, किंवा नुसता ध्वनी उतरवून तिला टाकून देऊ नये. प्रत्येक नमुन्याच्या नावासाठी २२ अक्षरांची जागा असे. पुष्कळ रचनाकारांनी त्या जागी वाद्याच्या नावाऐवजी स्वतःचे नाव, मित्रांना नमस्कार, एखादा निरोप लिहिला. ध्वनी उतरवला की चाल उरते, करणाऱ्याची सही जाते. हजेरीपटावरून नाव खोडले की काय उरते, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

ज्या हौशी मंडळींत ही कला वाढली, त्या डेमोसीनला २०२० साली फिनलंडने आणि २०२१ साली जर्मनी व पोलंडने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण यादीत नाव घातल्याने चाल नीट वाजत नाही. ती ज्या घड्याळावर, ज्या खुणांनी लिहिली गेली, ते समजून घेणारा वाचक लागतो.

इतिहासाचे काम तरी याहून वेगळे कोणते आहे? मागच्या पिढ्यांचे लिहिणे आपण आपल्या घड्याळावर लावतो, आणि बेसूर वाटले की त्यांना नावे ठेवतो. श्रोतेहो, निकाल देण्यापूर्वी टिंबाचा अर्थ विचारावा, आणि काटा तपासावा, एवढेच आमचे सांगणे आहे.