चालत्या घराची ओल

मिशिगनमध्ये मी जुन्या मोटरहोमचं सुतारकाम करतो. गिऱ्हाईक म्हणतं, छत हल्लीच गळायला लागलंय. आतलं प्लायवूड उतरवलं, की पाणी कित्येक वर्षं मुरत आलेलं दिसतं. दोष एकट्या त्या गाडीचा नसतो. या गाड्या ज्या रीतीने बांधत आले, त्या रीतीतच तो आहे.

सुरुवात श्रीमंतांच्या हौसेतून झाली. 1910 मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने टूरिंग लँडो ही सहलीची मोटार दाखवली. 1915 मध्ये न्यूयॉर्कजवळचे रोलंड कॉन्क्लिन कुटुंबाला घेऊन दुमजली गाडीतून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. त्या गाडीच्या छतावर चक्क बाग होती. मध्यमवर्गापर्यंत ही कल्पना यायला चार दशकं लागली. आमच्याच राज्यातल्या ब्राउन सिटीत रे फ्रँक यांनी 1958 मध्ये घरच्यांसाठी अशी गाडी बांधली आणि 1961 पासून डॉज चासीवर बांधून विकायला काढली. 1966 मध्ये आयोवातल्या विनेबागोने कारखान्याच्या साखळीवर मोटरहोम बांधायला घेतली, आणि किमती खाली आल्या.

फ्रँक यांनी पुढे फायबरग्लासचं अंग आणलं. पण इतर कित्येकांनी घरबांधणीचीच रीत उचलली: लाकडी पट्ट्यांची चौकट, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून पातळ प्लायवूड. सांध्यात पुटीची पट्टी दाबायची आणि वरून धातूची कड स्क्रूने आवळायची. घर जागचं हलत नाही. गाडीची चौकट मात्र खड्ड्यागणिक पिळली जाते. पत्रा उन्हात फुगतो, थंडीत आकसतो. पुटी वाळते, चिरते. त्यात सोयी वाढतील तशी छताला भोकं वाढत गेली: हवेची झडप, सांडपाण्याच्या टाकीची वायुनळी, मग एअर कंडिशनर. लाकडातली ओल 20 टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरते.

पाणी दिसतं एकीकडे, शिरतं भलतीकडेच. मागच्या हिवाळ्यात आलेल्या गाडीत चाकाच्या कमानीजवळची जमीन दबत होती. माग काढत गेलो तर उगम छताच्या कोपऱ्यातल्या नारिंगी दिव्याशी, स्क्रूच्या एका भोकात. तिथून पाणी उभ्या पट्टीवरून खाली उतरलं होतं. पटाशी लावताच ती पट्टी भिजलेल्या पावासारखी तुटली.

सिलिकॉनच्या नळ्या सहज मिळायला लागल्यापासून बाहेरून लेप थापायची सवय पडली. या धंद्याचं सर्वात मोठं नुकसान तिने केलं. आत शिरलेलं पाणी लेपाखाली कोंडतं, आणि सिलिकॉनवर पुढे दुसरं काही धरत नाही. खरं काम संथच असतं. कड काढायची, जुनी पुटी खरवडायची, चौकट पूर्ण वाळू द्यायची. कुजकं लाकूड घट्ट लाकूड लागेपर्यंत कापायचं, नवी पट्टी तिरक्या सांध्याने चिकटवायची, आणि कडेखाली ब्यूटाइलची पट्टी घालायची. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, म्हणून गाडी हलली तरी सांधा धरून ठेवते.

जुनं मोटरहोम घेणार असाल तर रंग आणि इंजिन नंतर बघा. मोठ्या पावसानंतर जा, गाद्या उचला, कपाटं उघडा, प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबा. कुठे मऊ लागलं, तर बाहेरची कड उघडून बघितल्याशिवाय किंमत ठरवू नका.