‘कॅच’ची कुळकथा

‘आठ-बाराची पकडली का?’ अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हा प्रश्न कोणालाच परका नाही. वास्तविक मराठीत गाडी मिळते, गाठली जाते किंवा चुकते. पकडायचा तो चोर! गाडी ‘पकडण्या’वर इंग्रजी ‘कॅच’ची सावली आहे, असे मला वाटते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. १८६७ मध्ये विरारहून बोरिवली, अंधेरीमार्गे बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. वेळापत्रक आले आणि त्याच्यासोबत त्याची भाषाही आली.

‘कॅच’ मात्र मूळचा इंग्रजी नव्हे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्या फ्रेंच बोलीतून तो आला. मूळ लॅटिन धातू ‘कापेरे’, म्हणजे घेणे. कॅप्चर, ॲक्सेप्ट, कॅपेबल हे त्याचेच गोत्रज. गंमत म्हणजे, इंग्रजीत आला तेव्हा ‘कॅच’चा अर्थ होता शिकारीचा पाठलाग करणे! पॅरिसकडच्या बोलीत सुरुवातीच्या ‘क’चा ‘च’ होई. तिकडून हाच शब्द ‘चेस’ होऊन पुन्हा इंग्रजीत शिरला. मग भावाभावांत वाटणी झाली. पाठलाग ‘चेस’कडे गेला, धरणे ‘कॅच’कडे राहिले. (‘पर्चेस’ हाही या ‘चेस’चाच नातलग, खरेदीसुद्धा मूळची धावाधावच!)

आता वर्गातला नेहमीचा प्रश्न. ‘कॅच’चे भूतकाळी रूप ‘कॉट’ का? फ्रेंचमधून आलेली क्रियापदे सहसा निमूटपणे ‘एड’ घेतात, आणि ‘कॅच्ड’ हे रूप जुन्या लेखनात सापडतेही. पण धरणे या अर्थाचे इंग्रजीचे घरचे क्रियापद होते ‘लॅच’. त्याचा भूतकाळ ‘टीच-टॉट’च्या धर्तीवर होई. ‘कॅच’ने त्याची जागा घेतली, आणि त्याची चालही उचलली. बिचारा ‘लॅच’ आता आपल्या ब्लॉकच्या दाराला भेटतो.

आपल्याला सर्दी होते, इंग्रज ती ‘कॅच’ करतो. मराठीत सर्दी कर्ता, इंग्रजीत माणूस. म्हणून ‘कोल्ड हॅपन्ड टू मी’ असे लिहिणारा विद्यार्थी निष्काळजी नसतो, तो मराठीचे व्याकरण इमानाने पाळत असतो. तांबडी रेघ मारण्यापूर्वी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून कर्ता शोधायला सांगावे.

क्रिकेटमधला झेल मात्र आपण अगदी लॅटिन अर्थाने ‘घेतो’. आणि गल्लीतली मुले? ती ‘कॅच पकडतात’.